आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन

माझ्या आईचे डोळे ठणठणीत आहेत. सत्तरीकडे झुकली तरी सुईत दोरा स्वतः ओवते आणि समोरच्या घरी कोण पाहुणा उतरला ते ओट्यावर बसून चष्म्याशिवाय सांगते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्याची सगळी लाज या एका गोष्टीत आहे.

मी नर्स. गाव पिंपळगाव राजा. जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रात मी सहा वर्षं कंत्राटावर होते. कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने भरले की एक दिवस नोकरी तुटायची, मग नवा कागद यायचा. बायकांना काय त्याचं, त्या दिवशीही त्या बाळंत व्हायच्याच, आणि मी नोकरीत नसताना त्यांच्या उशाशी उभी असायचे. माझ्याशेजारी बसणाऱ्या कायम सिस्टरला माझ्या दुपटीहून जास्त पगार होता. काम तेच. उलट माझंच जास्त, कारण तिचे गुडघे दुखायचे आणि मला कोणाला नाही म्हणता यायचं नाही. तोही पगार कधी दोन महिन्यांनी यायचा, कधी तीन.

तोंडाची मी फाटकी. डॉक्टरसाहेबांनाही सुनावायचे, बायकांनाही. "पाचव्या महिन्यात येऊन राह्यली, आतापर्यंत झोपली होती काय वं?" असं खेकसायचे आणि हात धरून टेबलावर चढवायचे. बायकांना काय आवडलं माझ्यात देव जाणे, पण त्या माझ्या ड्युटीचे दिवस विचारून ठेवायच्या. कळा सुरू झाल्या तरी "बाई आल्यावरच जाऊ" म्हणून घरीच दम धरणाऱ्या दोघी-तिघी निघाल्या. मी त्यांच्यावर ओरडले, आणि मनातल्या मनात फुलले. खरं सांगते, फुलले. आपल्यासाठी बाई अडून बसते याची नशा असते. ती सवय मोडायला हवी होती, मी तिचे लाड केले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत पिंजाऱ्याचं दुकान होतं. नवरा कापूस पिंजायचा, बायको गाद्या-उशांच्या खोळी शिवायची. उरलेल्या तुकड्यांतून ती राईच्या उशा करायची. राई म्हणजे मोहरी. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवली की डोकं गोल बसतं असं आमच्याकडे सगळेच मानतात, हिंदू काय अन् मुसलमान काय. आमच्या केंद्रात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला तिच्याकडून एक उशी फुकट यायची. तिचं दुसरं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हापासून तिनं हे सुरू केलं होतं. तिनं कधी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिची पहिली मुलगी सिझरची. दूरच्या कुठल्याशा दवाखान्यात झालेली. तिथं कळा सोसवत नव्हत्या म्हणून ओरडली तर कोणीतरी तिच्या मांडीवर फाडकन मारलं होतं आणि नको ते बोललं होतं. त्यानंतर मोठा दवाखाना म्हटलं की ती पांढरी पडायची. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती सरळ माझ्याकडे आली. मी तिच्या कार्डावर लाल पेनानं मोठी खूण केली आणि म्हणाले, "हे बाळंतपण इथं नाही व्हायचं. आधीचं सिझर आहे, एक बाळ गेलेलं आहे. अकोल्याला जायचं, तेही तारखेच्या आठ दिवस आधी."

"मी नाई जात बाई. तिथं मारतेत."

"मी येते ना सोबत. मी असताना तुला कोण हात लावते पाहते मी."

"खरंच येता?"

"आता कागदावर लिहून देऊ काय?"

ती हसली. तेव्हापासून तिच्या घरी, गल्लीत, आमच्या केंद्राच्या आशाताईजवळ, सगळीकडे एकच वाक्य झालं, की बाई मले अकोल्याले घेऊन जाऊन राह्यल्या. नवव्या महिन्यात तिनं मला एक खोळ दाखवली, हिरव्या मखमलीची, तळहाताएवढी. स्वतःच्या बाळासाठी शिवलेली. राई भरली नव्हती. "आधी भरली तं नजर लागते," म्हणाली. "बाळ हातात आलं की भरीन." मी म्हटलं, "बरं, मी पण एक मूठ भरीन."

आता सौदीचं सांगते.

माझ्या बरोबरची एक मुलगी आमच्या नर्सिंगच्या शाळेत माझ्या मागं बसायची, इंजेक्शन देताना हात थरथरायचे तिचे. ती सौदीला गेली. रोज तिचे फोटो दिसायचे, कधी काचेच्या दुकानांतले, कधी स्वच्छ, पांढऱ्या वॉर्डातले. एकदा तिनं पगार सांगितला. मी मनात हिशेब केला: मी इथं दहा महिने राबून जे मिळवते ते ही दोन महिन्यांत मिळवते, वर राहणं फुकट. जेवण गेलं नाही त्या दिवशी. हेवा वाटला, संताप आला, स्वतःचीच कीव आली. मग सुट्टीच्या दिवशी नागपूरला एजंटाच्या क्लासला जायला लागले. परीक्षा दिली, मुलाखत दिली. घरी चूल पेटत नव्हती अशातला भाग नाही. भाऊ कमावता होता, घर स्वतःचं होतं. मला फक्त वाटत होतं की माझ्या हातांची कोणीतरी नीट किंमत करावी. हे वाक्य मी आजही सुट्टीवर आले की नातेवाइकांना ऐकवते, आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आडून मी बरंच काही झाकलं आहे.

तिकीट आलं तेव्हा पिंजाऱ्याच्या बायकोच्या तारखेला तीन आठवडे होते.

रीतसर सोडायचं तर एक महिन्याची नोटीस. तेवढा वेळ नव्हता. आणि सांगितलं असतं तर डॉक्टरसाहेबांनी अनुभवाचा दाखला अडवला असता, ही भीती. तो दाखला मी "कायम भरतीसाठी लागतो" म्हणून आधीच घेऊन ठेवला होता. त्यांनी वर शुभेच्छा दिल्या होत्या. आता फक्त सुट्टी हवी होती, म्हणजे गावातून हळूच सटकता येईल आणि राजीनामा तिकडून पाठवता येईल. कारण काय द्यायचं? हार्टचं म्हणवेना, कॅन्सर तर तोंडातून निघेना. आईला खरंच काही झालं तर? म्हणून मोतीबिंदू. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, पंधरा दिवस सुट्टी. खोटं बोलतानासुद्धा मी आपल्या आईला जपलं. दुसरीच्या लेकराला नाही जपलं.

शेवटच्या दिवशी ती केंद्रात आली. पोट पुढं काढून, एका हातानं कंबर धरून. दुसऱ्या हातात कागदाची पुडी. "घरचा कापूस आहे बाई. पिंजून, निवडून आनला. एक कन सापडनार नाई धुळीचा. आईच्या डोळ्यावर ठेवाले."

ऑपरेशनच्या डोळ्यावर असला कापूस ठेवत नाहीत हे मला कळत होतं. पुडी घेतली. "पंधरा दिवसांत येते," मी म्हणाले. "आले की दुसऱ्या दिवशी आपण अकोल्याला."

"हाव. तारीख त्याच्या मागून आहे. जमते." तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "तुमी आईचं पाहा आधी. मी थांबतो."

तिला तिथंच सांगता आलं असतं. बाजूला घेऊन म्हणता आलं असतं, की मी येणार नाही, तू आशाताईबरोबर जा, मी अकोल्यातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन करून ठेवते. दोन मिनिटांचं काम. पण ती रडली असती, आशाताईला कळलं असतं, आशाताईच्या पोटात काही राहत नाही, आणि तासाभरात ते डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर गेलं असतं. असा विचार मी तेव्हा केला. आज वाटतं, तिनं रडू नये एवढंच मला हवं होतं. मला ते बघायचं नव्हतं.

जाताना तिला आईचा नंबर दिला, काही लागलं तर म्हणून. का दिला, मला आजतागायत उमगलेलं नाही. बहुतेक खोट्याला खरेपणा यावा म्हणून. आईला घरी सगळं शिकवून ठेवलं: कोणाचा फोन आला तर ऑपरेशन झालं म्हण, पट्टी आहे म्हण. आई आधी चिडली. "माह्या चांगल्या डोळ्याले काऊन लावतं वं पट्टी?" मग लेकीसाठी तयार झाली. कापसाची पुडी तिनं देवघरात ठेवली आणि त्याच्या वाती वळल्या. फार सुंदर वाती झाल्या, म्हणाली.

सौदीत पोचून माझा तिसरा आठवडा चालू होता. एका दुपारी हॉस्टेलवरून घरी फोन लावला. आई खुशीत होती. "एक बाई फोन करून राह्यली होती. बाई कवा येतेत म्हने. मी म्हटलं, पट्टी सुटाची आहे अजून, पोरगी येईन आठ दिवसांत. बराबर बोलली ना मी?"

कोण बाई ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तारीख माझ्या डोक्यात होती, लाल पेनाची खूण डोळ्यासमोर होती. हातात फोन होता. आशाताईचा नंबर त्यात होता.

"बराबर बोललीस आई," मी म्हणाले.

दहा दिवसांनी आशाताईचा बोललेला मेसेज आला. नंबर तिनं माझ्या भावाकडून मिळवला होता. गावात तोवर राजीनामा पोचला होता आणि मी कुठं गेले ते फुटलं होतं. आशाताईनं शिव्या दिल्या नाहीत. नुसतं सांगितलं. तारीख उलटली तरी ती निघेना. आशाताई दोनदा गाडी घेऊन दारात गेली, ही म्हणाली, बाई येऊन राह्यल्या, त्यांच्या आईशी बोलनं झालं माहं, चार दिवस थांबा. मग एका सकाळी कळा सुरू झाल्या. तिला वाटलं, थोडा दम धरू. अकोल्याच्या रस्त्यावरच आधीच्या सिझरच्या जागी गर्भाची पिशवी फाटली. तिला वाचवलं डॉक्टरांनी. पिशवी काढावी लागली. बाळ गेलं. मुलगा होता.

मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग तोंड धुतलं, टोपी घातली आणि ड्युटीवर गेले. त्या वॉर्डात प्रत्येक पेशंटला स्वतंत्र मशीन होतं, श्वास जरा चुकला तरी वाजणारं.

मी काय केलं मग? काहीच नाही. आशाताईला उत्तर दिलं नाही. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मले काय माहीत होतं वं." एवढंच. तिनं त्या वाती पुन्हा लावल्या नाहीत. उरलेली पुडी देवघरातून काढून फडताळात ठेवली.

दोन सुट्ट्या आले तेव्हा जळगाव जामोदच्या दिशेला फिरकलेच नाही. गावात लोक म्हणायचे, पोरीनं नाव काढलं. घराला वरचा मजला चढला. भावाच्या मित्राची मुलगी नर्सिंगला आहे, तिच्या बापानं मला घरी जेवायला बोलावून पगार विचारला आणि मी सांगितल्यावर ताटातली पुरी विसरून मुलीकडे बघत बसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सौदीतलं एक सांगायलाच हवं. माझ्या जोडीला फिलिपाइन्सची एक सिस्टर होती, हसरी, कामाला वाघीण. तिला इंग्लंडचं बोलावणं आलं, तिथं आणखी जास्त पगार. सुट्टीला म्हणून गेली ती आलीच नाही. महिनाभर तिचेही पेशंट माझ्या अंगावर. मी रागानं लाल झाले, जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलले, "असं न सांगता जातात काय? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" बोलता बोलता माझी जीभच अडकली. समोरच्या केरळच्या सिस्टरनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ठसका लागला.

तिसऱ्या सुट्टीत गेले. ठरवून गेले. घरून निघताना आईला म्हटलं, "आज सांगून येते सगळं. डोळ्यांचंसुद्धा." आईनं मान हलवली. सोबत खजूर, चॉकलेटं, अत्तराची बाटली अशी पिशवी भरली होती. एसटीत बसल्यावर त्या पिशवीचीच लाज वाटायला लागली. उतरल्यावर आधी केंद्राकडे गेले. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होतं. कायम सिस्टर निवृत्त झाली, माझी जागा दोनदा भरली आणि दोन्ही वेळा रिकामी झाली, असं शिपायानं सांगितलं. एक मुलगी दुबईला, एक कुठं ते त्याला माहीत नव्हतं. "आता बायका सरळ खामगावले जातेत," म्हणाला. "अन् तुमी कशा आहात मॅडम? तब्येत सुधरली."

दुकानात नवरा कापूस पिंजत होता. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला. मला बघून त्यानं मशीन बंद केलं, सलाम केला आणि मागच्या दारानं चहा सांगायला गेला. ती शिलाई मशीनवर होती. वाळली होती. वर दोरीला राईच्या उशा टांगलेल्या होत्या, लाल, पिवळ्या, फुलाफुलांच्या. हिरवी मखमल मी डोळ्यांनी शोधली. नव्हती.

"या ना बाई. बसा. गादीवर बसा, नवीन आहे."

मी बसले. पिशवी पायाशी ठेवली. म्हणाले, "मला माफ कर. मी तुला फसवलं. मी सौदीला गेले."

"माहीत आहे ना मले. आशाताईनं सांगतलं मंग." तिनं दोरा दातानं तोडला. "किती देतेत तिथं?"

मी सांगितलं. इथलं वर्ष तिथल्या अडीच महिन्यांत भरतं, असं सांगितलं. तिनं पाय मशीनवरून काढले आणि खरंच विचार केला, खोळीचं माप घेताना करते तसा.

"मंग गेल्या ते बराबरच केलं तुमी," ती म्हणाली. "मी असती तं मीबी गेली असती. एवढ्या पैशाले कोन राह्यते इथं? कोनीच नाई राह्यत." मग तिनं खाली बघितलं. "फक्त एक फोन करून सांगाचं होतं बाई. का मी येत नाई म्हनून. मी गेली असती अकोल्याले. मारलं असतं तं मारलं असतं. गेली असती मी एकटी."

शिवी दिली असती तर मी सोसली असती. त्याची तयारी करून गेले होते. एसटीत बसून तिच्या शिव्यांना उत्तरंही जुळवली होती: कंत्राट, एक दिवसाची तूट, तीन महिन्यांचा थकलेला पगार. त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. पगाराचं तर तिनंच मला माफ करून टाकलं होतं. उरलं होतं ते पगाराचं नव्हतंच.

नवरा चहा घेऊन आला. तिनं कप माझ्या हातात दिला, बशी पुसून दिली.

तिच्या बोलण्यावरून कळलं, तिला अजून सगळं माहीत नाही. तिच्या लेखी मी आईच्या ऑपरेशनसाठीच गेले होते आणि तिथूनच अचानक मला सौदीचं बोलावणं आलं. पट्टी तिच्यासाठी खरी होती. आईनं फोनवर सांगितलेले आठ दिवस खरे होते. ती ज्यावर थांबली ते सगळं तिच्यासाठी आजही खरं होतं. हेच तर सांगायला मी आले होते. मी कप खाली ठेवला. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "अन् आईचे डोळे कसे आहेत? साफ दिसते ना आता?" विचारताना तिचा चेहरा उजळला. एवढ्या सगळ्यातून निदान एक तरी गोष्ट चांगली झाली असेल, असं तिला वाटत होतं.

"हो," मी म्हणाले. "आता साफ दिसतं."